खडकोलीला चालणारी गाडी

आण्णा शेलारांनी गाडीभोवती आणखी एक फेरी मारली, मागच्या टायरला पायाने दाबून पाहिलं आणि म्हणाले, "गाडी झ्याक हाय. नजरंत भरन्यासारखी हाय."

मी हात मागे बांधून उभा होतो. खडकोलीत या वाक्यानंतर कोणतं वाक्य येतं ते मला एव्हाना पाठ झालं होतं.

"पन नको," आण्णा म्हणाले.

"का नको, आण्णा?"

"आपल्यात चालत न्हाई ती."

"चालत नाही म्हणजे काय? आत्ता तुमचा घाट चढून आलीय. एकदासुद्धा दमली नाही."

"तसं न्हवं," असं म्हणून आण्णा जोत्यावर जाऊन बसले. मग कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. चंची काढून पानाचे देठ खुडत बसले.

त्यांचा पुतण्या शंकर कुणाकडे न बघता गाडीच्या टाकीवरून हात फिरवत होता. गाडी त्यालाच घ्यायची होती. तो मुंबईत माथाडी कामगार होता आणि दसऱ्यापुरती रजा काढून गावी आला होता. पैसे त्याचे, गाडी त्याची आणि निकाल मात्र आण्णांचा, असा सगळा मामला होता.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. कराडच्या एका मोटारसायकलच्या शोरूममध्ये मी तेव्हा नवा सेल्समन होतो, म्हणजे अजून कायम झालो नव्हतो. मालक निकमसाहेब. त्यांनी मला सरळ सांगून ठेवलं होतं, "देवकर, खडकोलीत आपली एक गाडी उभी कर. दसऱ्याला. केलीस तर तू कायम. नाही केलीस तर दुसऱ्या दिवसापासून यायची तसदी घेऊ नकोस." त्यात त्यांचा माझ्यावर राग होता असं नाही. शोरूममधला पंखा बदलायचा असता तरी ते याच आवाजात बोलले असते.

नोकरी गेली तर मला दाजींच्या पिठाच्या गिरणीत परत जावं लागणार होतं. दाजी वाईट नव्हते, पण जेवताना माझ्या ताटात भाकरी पडली की ते बहिणीकडे बघायचे. काही बोलायचे नाहीत, नुसते बघायचे. त्या नजरेतून सुटून मी कराडात खोली घेतली होती. परत त्या ताटावर बसायची माझी तयारी नव्हती.

आणि खडकोलीत एक गाडी उभी करणं म्हणजे डोंगर हलवण्यासारखं होतं. पाटणच्या बाजूला, घाट चढून गेल्यावर सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठाराच्या कडेला वसलेलं हे गाव. बहुतेक बाप्ये मुंबईत, गावात बायका आणि म्हातारी माणसं. दर दिवाळीला मुंबईच्या बोनसवर नव्या गाड्या घाट चढायच्या, आणि सगळ्या एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या. घरोघरी तीच. ती आमच्या समोरच्या शोरूममध्ये मिळायची. तिचं नाव मी घेत नाही; तिने मला पुरेसं छळलंय.

मी हातावर हात ठेवून बसलो होतो असं कुणी समजू नये. पहिल्या खेपेला गावकरी म्हणाले, ॲव्हरेज पडत न्हाई. पुढच्या खेपेला मी मापाची बाटली घेऊन गेलो, त्यांच्यासमोर पेट्रोल ओतलं आणि दोन्ही गाड्या पळवून दाखवल्या. आमची सरस ठरली. तेव्हा म्हणाले, पार्ट मिळत न्हाईत. मी घाटाखालच्या मेकॅनिकच्या हातापाया पडून त्याच्या दुकानात आमच्या क्लचप्लेट आणि केबल ठेवायला लावल्या. तेव्हा म्हणाले, इकताना किंमत येत न्हाई. खडकोलीत गाडी कुणी कधी विकलेली नव्हती. तिथे गाडी मरेपर्यंत वापरतात आणि मग भंगारात घालतात. तरीपण मी विक्रीच्या किमतीचे दाखले गोळा करून नेले. तेव्हा एकजण म्हणाला, तुमच्या गाडीचा हॉर्न बारीक हाय. मी हॉर्न बदलून नेला. काट्याने काटा काढता येतो, पण इथे एक काटा काढला की माणसं हसतमुखाने दुसरा रुतवायची.

त्या दिवशी, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आण्णांचं "नको" ऐकूनही मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. इंजिन, शॉकॲब्सॉर्बर, साडी अडकू नये म्हणून लावलेली जाळी. शंकरची बायको, कमलवहिनी, चहाचे कप घेऊन आल्या, तेव्हा जाळी त्यांनाही दाखवली. त्यांनी ती वाकून नीट बघितली आणि खरोखर मान हलवली. मला जरा धीर आला. मी खिशातून किल्ली काढली. माझं हुकमाचं पान मी नेहमी शेवटी टाकायचो.

"आण्णा, ही किल्ली बघा. दोन्ही बाजूंनी खाचा आहेत. हिच्याशिवाय जगातली दुसरी कुठलीही किल्ली या गाडीला लागणार नाही. एकदा हँडल लॉक केलं की चोरालासुद्धा गाडी जागची हलवता येणार नाही."

कमलवहिनींनी माझ्या हातातला कप घेतला. त्यात चहा अजून अर्धा होता.

"कमल, भाकरी टाक," आण्णा म्हणाले. "पावन्याला जेवून जाऊ दे."

हेच मला सहन होत नव्हतं. एकदा कुणीतरी हाकलून दिलं असतं तर मी निकमांना तसं सांगितलं असतं आणि सुटलो असतो. पण हे लोक प्रत्येक वेळी पोटभर जेवू घालायचे, आमटी वाढताना आणखी घ्या म्हणायचे आणि गाडी मात्र घ्यायचे नाहीत.

शंकर हात धुवायला मागच्या दारी गेला, तसा मीही गेलो.

"शंकरराव, तुम्हाला आवडलीय ना गाडी?"

"मला? मला पयल्यांदा बगितली तवाच आवडली. तिकडं मस्जिद बंदरला आमच्या मुकादमाकडं हीच हाय. लाल रंगाची. चालवलीया मी."

"मग घ्या. तुमच्या कमाईची आहे. आण्णांना काय करायचंय?"

"आन्नांनाबी लागती की गाडी."

"आण्णांनीही चालवावी ना. कोण नको म्हणतंय? माझी नोकरी अडकलीय हो यात. उद्या दसरा. एक गाडी गेली नाही तर मी घरी बसणार."

हे सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण तोंडातून गेलं. शंकरचा चेहरा पडला. त्याने तांब्या खाली ठेवला.

"माजं आयका, देवकर. मी हितं कितीसा असतो? गनपतीला येनार, शिमग्याला येनार. बाकी वरीसभर गाडी हितंच."

"मग? ती काय पळून जाणार आहे? लॉक करून जा. ठेवली तशी मिळेल."

"त्येच की," शंकर म्हणाला आणि पंच्याला हात पुसत आत गेला.

त्याचा अर्थ मला कळला नाही. खडकोलीत मला पुष्कळ गोष्टी कळत नव्हत्या, ही त्यांतली आणखी एक, एवढंच मला वाटलं.

ऊन तापलं होतं. जेवायला बसण्याआधी मी गाडी आण्णांचं घर आणि शेजारच्या बाजी शेलारचं घर यांच्या मधल्या बोळात सावलीला लावली, सवयीने हँडल लॉक केलं आणि किल्ली खिशात टाकली. जेवण झाल्यावर निकमांना फोन करायचा म्हणून टेकडीवरच्या देवळाकडे निघालो. गावात मोबाईलची रेंज तेवढ्या एकाच जागी यायची. गाव तसं रिकामंच होतं. निम्मे लोक झेंडूच्या फुलांसाठी खाली बाजाराला गेले होते, निम्मे सड्यावर गवत कापायला.

"झालं का?" निकमांनी विचारलं.

"बोलणं चालू आहे, साहेब."

"देवकर, बोलायला तिथली माणसं आहेत. तुला विकायला पाठवलंय."

"साहेब, काहीतरी कारण आहे. ते सांगत नाहीत. एकदा कळलं की—"

"मग कारण घेऊन ये. कारण कळलं तर त्यावर काय करायचं ते मी बघतो. पण एकतर गाडीचं बुकिंग घेऊन ये, नाहीतर कारण. रिकाम्या हातांनी मात्र येऊ नकोस."

फोन चालू असतानाच खाली कुणीतरी ओरडत होतं. मला वाटलं, गुरं शेतात शिरली असतील. निकमांचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून मी दुसऱ्या कानावर हात ठेवला. फोन बंद करून बघतो तर गावातून एक जुनी गाडी तिघांना घेऊन घाटाच्या दिशेने सुसाट निघाली होती. इतक्या लांबूनही आवाजावरून कुठली ते मला समजलं. त्या गाडीचा आवाज ऐकला की तेव्हा माझं डोकंच उठायचं.

खाली येऊन बघतो तर माझी गाडी बोळाच्या बाहेर उकिरड्याच्या कडेला आडवी पडलेली. एक आरसा फुटलेला, इंडिकेटर लोंबत होता, टाकीला पोचा पडला होता आणि झाकणातून पेट्रोल ठिबकत होतं. शेजारी कमलवहिनी कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभ्या होत्या.

"वहिनी, ही कुणी पाडली?"

"आमी."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी, ह्यांनी आनि आन्नांनी."

"अहो, कंपनीची गाडी आहे ही! मी आता काय उत्तर देऊ? गाडी घ्यायची नाही तर घेऊ नका, पण अशी उकिरड्यावर टाकायची?"

"सोनाकाकीला फुरसं चावलं," कमलवहिनी म्हणाल्या.

सोनाकाकी म्हणजे आण्णांची बायको. तासाभरापूर्वी तिनेच मला आमटी वाढली होती. जेवणं उरकल्यावर ती गोठ्यामागे गवताचा भारा सोडायला गेली आणि भाऱ्यातून आलेल्या फुरशाने तिच्या हाताला दंश केला.

"बाजीची गाडी त्याच्या वसरीवर हुती आनि बोळात तुमची. हँडल वाकडं, चाक फिरंना. म्होरनं ढकलली, मागनं ढकलली, हलंना. तुमास्नी हाका मारल्या. तुमी वर कानाला हात लावून हुबं. मग तिघांनी उचलली आनि टाकली."

मी गाडी उचलून स्टँडवर लावली. मग लोंबता इंडिकेटर जागेवर बसवायचा प्रयत्न करत राहिलो. पण डोक्यातला राग जात नव्हता, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं.

"बाजी घरी होता का?" मी विचारलं.

"बाजी मुंबैला. त्याची बायकू बाजाराला गेलीया. घराला कुलूप."

"मग त्याच्या गाडीची किल्ली?"

"आमच्या भिंतीतल्या देवळीतली नेली."

"बाजीची किल्ली तुमच्या देवळीत असते?"

"बाजीची न्हाई. ती आमच्या दिरांच्या गाडीची. गाडी कवाच भंगारात गिली, किल्ली तेवढी ऱ्हायली."

मी इंडिकेटर सोडून दिला. "आणि ती बाजीच्या गाडीला लागली?"

"लागतीच की. समद्यांची समद्यांला लागती." कमलवहिनी दारातल्या पायरीवर बसल्या आणि पदराने घाम पुसू लागल्या. "नवी गाडी आली की आन्ना तिची किल्ली कानशीनं जरा घासून घेत्यात. मग ती तसल्या कुटल्याबी गाडीला जाती. मालक समदे मुंबैला. एक किल्ली त्यांच्या पँटीत ऱ्हाती, दुसरी बाईच्या कमरंला, आनि बाई सड्यावर. नड काय इचारून येती? हितं जी गाडी म्होरं दिसंल ती घ्यायची, जी किल्ली घावंल ती लावायची आनि सुटायचं. माजी धाकटी झाली तवा मला कुनाच्या गाडीवरनं न्हेलं ते मला अजून ठावं न्हाई."

मला एकदम सगळी उन्हाळ्यापासूनची धावपळ आठवली. मापाची बाटली, मेकॅनिक, दाखले. आणि प्रत्येक खेपेला शेवटी मोठ्या दिमाखात दाखवलेली ती दोन्ही बाजूंनी खाचा असलेली किल्ली.

"हे मला पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत? ॲव्हरेज काय, पार्ट काय, वाट्टेल ते सांगितलंत. किती फेऱ्या मारल्या मी!"

"सांगून काय? तुमी गाड्या इकनारी मान्सं. आज तुमास्नी सांगायचं, उद्या समोरच्याला कळनार आनि परवा कंपनी कुलपं बदलनार. बाजारात बोबाटा झाला तर चोरं एक गाडी ठेवनार न्हाईत गावात. आन्नांनी समद्यांना सांगून ठेवलंया, पावन्याला काय बी सांगा, ह्ये तेवडं सांगायचं न्हाई."

"आणि हॉर्न?"

"हॉर्न बारीक हुताच की," त्या म्हणाल्या.

घाट उतरून मी सरकारी दवाखान्यापाशी थांबलो. आण्णा बाहेरच्या बाकावर बसले होते. मला बघून ते उठायला लागले, तसा मीच त्यांच्याजवळ गेलो.

"इंजेक्शनं दिल्यात," ते म्हणाले. "डाक्टर म्हनला, लौकर आनलं. अजून उशीर केला असता तर म्हनला..." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या गाडीला लई लागलं का?"

"नाही, आण्णा. आरसा गेला फक्त."

टाकीचा पोचा त्यांना बसल्या जागेवरून स्वच्छ दिसत होता.

दुसऱ्या दिवशी शोरूमच्या दारात मांडव घातला होता. हार घातलेल्या गाड्या रांगेने उभ्या होत्या आणि भटजी एकामागून एक नारळ फोडत होते. पोचा पडलेली गाडी निकमांनी सकाळीच बघितली होती. ते एवढंच म्हणाले, "संध्याकाळी बोलू." मग दुपारी, मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा असताना, शंकर शेलार आला. अंगात नवा शर्ट आणि हातात झेंडूचा हार होता.

"काकी कशा आहेत?" मी विचारलं.

"हात सुजलाय. पन सकाळधरनं आन्नांवर वरडाय लागलीया, म्हंजे बरी हाय." तो हसला आणि थेट लाल गाडीपाशी गेला. "हीच ना ती? द्या मग."

"काय?"

"गाडी द्या. आन्नांनी पाठवलंय. त्या पोराची गाडी आपन उकिरड्यावर टाकली, पोरगं शब्दानं बोललं न्हाई, त्याची एक गाडी घ्यायचीच म्हनत्यात. तुमची नोकरीबी मी सांगितली त्यांना." त्याने गाडीला हार घालूनही टाकला. "खरं सांगू का देवकर, मला लई बरं वाटलं. मला हीच पायजे हुती."

पलीकडून निकमांनी बघितलं. त्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. त्यांनी माझ्याकडे बघून अशी मान कधी डोलावली नव्हती.

मी फक्त हो म्हणायचं होतं. नुसतं हो म्हणून आत नेऊन सही घ्यायची होती. इतके दिवस ज्याच्या मागे मी जिवाचं रान केलं होतं ते गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत आलं होतं, आणि माझ्या डोळ्यांसमोर मात्र ती आडवी पडलेली गाडी येत होती. मला त्या क्षणी खडकोलीचा, आण्णांचा, कमलवहिनींचा सगळ्यांचा भयंकर राग आला. त्यांनी मला ते सांगायलाच नको होतं.

"शंकरराव, ही घेऊ नका," मी म्हणालो.

"आँ?"

"घेऊ नका. समोर जा. तिकडची घ्या."

"येडं लागलं का तुमास्नी?"

"तुम्ही मुंबईला गेल्यावर हिची किल्ली कुठं राहणार?"

"घरात. खुंटीला."

"वहिनी सड्यावर, घराला कुलूप, आणि दारात ही उभी. कुणाची किल्ली लावणार हिला?"

शंकरने हाराची फुलं सारखी केली. मग एकदम तो मोठ्याने बोलायला लागला. "वरीसभर पाठीवर गोनी व्हातो मी. एका खोलीत धा जन निजतो. एक वस्तू, देवकर, एक वस्तू माज्या मनासारखी घ्यायची न्हाई का मी? समद्यांसाठी घेतली पायजे?"

मी लाल गाडीचा आरसा उगाच सरळ केला.

"काल बाजीच्या वसरीवर तुमची ही लाल गाडी उभी असती तर?" मी म्हणालो.

भटजींनी पलीकडे दोन नारळ फोडले. मग त्याने हार काढला आणि नीट घडी करून हातात धरला.

"तुमची नोकरी?"

"त्याचं मी बघतो. जा तुम्ही," मी जवळजवळ खेकसलोच.

तो रस्ता ओलांडून समोरच्या शोरूममध्ये शिरला. निकम माझ्याजवळ येऊन उभे राहिले. ते मुळीच चिडलेले नव्हते. खरोखर कुतूहल असावं तसं त्यांनी विचारलं, "हार घातलेलं गिऱ्हाईक समोर का गेलं?"

मी खाली पडलेली झेंडूची फुलं वेचायला वाकलो.

"देवकर, मी काल काय म्हणालो? कारण सांग. खडकोलीचं कारण मला सांग, मी तुला अजूनही ठेवतो. आज, आत्ता कायम करतो."

निकम हुशार माणूस होता. मी तोंड उघडलं असतं तर आठ दिवसांत नाक्यानाक्यावर बोर्ड लागले असते, की समोरच्यांची गाडी कुणाच्याही किल्लीने चालू होते. आमचा खप दुप्पट झाला असता. आणि खडकोलीत देवळीतल्या किल्लीने सुरू होणारी गाडी फार दिवस राहिली नसती.

"हॉर्न, साहेब," मी म्हणालो. "आपल्या गाडीचा हॉर्न बारीक आहे म्हणतात."

निकमांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. "संध्याकाळपर्यंत थांबायची गरज नाही," ते म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

बाहेर पडलो तर सगळ्या रस्त्याला नव्या गाड्या. येणारी-जाणारी माणसं एकमेकांना आपट्याची पानं देत होती. मलाही दोघांनी दिली. मी ती खिशात कोंबत स्टँडच्या दिशेने चालत होतो आणि दाजींना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो. कारण सांगितलं असतं तरी त्यांनी नुसतं बहिणीकडे बघितलं असतं.

मागून एक गाडी आली आणि शेजारी थांबली. काळी, तीच नेहमीची, तोच हार घातलेली. शंकरचा चेहरा मात्र दसऱ्याच्या दिवशी नवी गाडी घेतलेल्या माणसासारखा नव्हता.

"बसा. सोडतो."

"तुमचा रस्ता तिकडे आहे."

"ठावं हाय मला माजा रस्ता. बसा."

मी बसलो. एक खड्डा आला आणि मी जागेवरून उडून पुन्हा आदळलो. माकडहाडापर्यंत कळ गेली.

"हिची सीट फार कडक आहे, शंकरराव," मी म्हणालो. "आमच्या गाडीची मऊ होती."

"ठावं हाय," शंकर म्हणाला.